तीनशे बारा म्हणजे किती

बादलीवरून बोलाचाली झाली नसती, तर हे प्रकरण कुणाच्या लक्षातच आलं नसतं.

खाणीच्या वसाहतीत नळाला पाणी यायचं सकाळी एक तास. त्या तासात जो तो बादल्या, पिंपं, पातेली, हाताला लागेल ते भरून ठेवायचा. आणि इकडे भिंगरी, वय वर्षं नऊ, भरलेली बादली दोन्ही हातांनी फरफटत मागच्या अंगणात न्यायची आणि भिंतीलगत फरशीला एक चीर गेली होती, तिच्यात मगानं पाणी ओतत बसायची. शाळेत जायच्या आधी एक बादली, शाळेतून आल्यावर दुसरी. अंगणाचा नुसता चिखल झाला होता. शेजारीण एक दिवस कुंपणावरून म्हणाली, "आम्हाला प्यायला मिळेना आणि तुमच्याकडे फरशीला पाजताय होय!" मग काय, भिंगरीची आई तिच्यावर ओरडली, शेजारणीवर ओरडली, आणि शेवटी शिलाई मशीनवर डोकं टेकून बसली. शिवणकामाचा ढीग पडला होता, तो तसाच पडून राहिला.

"वन्सं, तुम्हीच विचारा तिला," ती नणंदेला म्हणाली. "मी विचारलं की दातखीळ बसते तिची. आणि ते दुधाचंही बघा. गरम दूध समोर ठेवलं की अंगावर पाल पडल्यासारखी उठते. जेवणही गार झाल्याशिवाय तोंडात घालत नाही. काय खूळ घेतलंय डोक्यात, देव जाणे."

नणंद म्हणजे भिंगरीची आत्या. याच घरात राहायची आणि खाणीच्या कोअर शेडमध्ये काम करायची. जमिनीत खोल भोक पाडताना आतून दगडाची लांबच लांब कांडी निघते, मनगटाएवढी जाड. तिला म्हणायचं कोअर. ती तुकड्यातुकड्यानं वर येते. कुठला तुकडा किती खोलीवरचा हे लिहायचं, आणि वहीत अक्षरं लिहावीत तसे ते तुकडे डावीकडून उजवीकडे, ओळीखाली ओळ, पेटीत रचायचे, हे आत्याचं काम. चौदा वर्षं ती हेच करत होती. तिच्या पेट्यांमध्ये आजवर एक तुकडा इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि याचा तिला चांगलाच तोरा होता.

भिंगरीचे बाबा म्हणजे आत्याचा मोठा भाऊ. तो खाणीत छताला टेकू लावायचा. सात महिन्यांपूर्वी त्याच्याच डोक्यावर छत आलं. नऊ दिवस शोध चालला, मग थांबला. गॅलरीचं, म्हणजे खाणीतल्या त्या बोगद्याचं, तोंड भिंत घालून बंद केलं, आणि तो आतच राहिला.

आत्या त्या दिवशी कामावरून आली, चपला काढल्या आणि सरळ मागच्या पायरीवर जाऊन बसली. भिंगरीचा दुसरा हप्ता चालू होता. मग भरायचा, चिरेत ओतायचा, आणि मग गुडघ्यावर वाकून त्या चिरेकडे टक लावून बघायचं. एके काळी या पोरीला एका जागी बसवायचं म्हणजे खांबाला बांधावं लागेल असं घरात म्हणत. बाबांनी नावच ठेवलं होतं भिंगरी. आणि आता बघा, दहा दहा मिनिटं पापणी हलत नव्हती.

"काय दिसतंय गं तिथं?" आत्यानं विचारलं.

भिंगरीनं आणखी एक मग भरून ओतला.

"मी नाही ओरडणार. बादलीचं मी बघते. तुझ्या आईला मी सांगते."

भिंगरीनं मान वर केली, आत्याचा चेहरा नीट तपासला. मग हळूच म्हणाली, "वाफ येते का बघते."

"कसली वाफ?"

"पाणी बाबांपर्यंत पोचलं की वाफ येणार ना. तापलेल्या तव्यावर टाकल्यावर येते तशी. अजून एकदाही आली नाही. पाणी कमी पडतंय बहुतेक."

आत्याला हसूही येईना, रडूही येईना. ती एवढंच म्हणाली, "बाबा कुठे तापलेत गं राणी?"

भिंगरी उठली, ओल्या पायांनी घरात गेली आणि शाळेचं पुस्तक घेऊन आली. पृथ्वीच्या अंतरंगाचा धडा. कलिंगडाची फोड कापावी तशी कापलेली पृथ्वी, आणि आत रंग. वर तपकिरी पातळ पट्टी, भूकवच. त्याखाली केशरी, प्रावरण. मग लाल, मग पिवळाधमक गाभा. समासात आकडे. पस्तीस. दोन हजार नऊशे. पाच हजार एकशे पन्नास. सहा हजार तीनशे एकाहत्तर. आणि त्या केशरी पट्ट्यात, वरून थोडंसं खाली, पेन्सिलनं काढलेला अगदी बारीक माणूस. डोक्यावर टोपी, हातात टेकू.

"तूच सांगितलंस तीनशे बारा," भिंगरी म्हणाली. "पस्तीसच्या खाली तीनशे बारा. म्हणजे इथे. बाई म्हणाल्या, इथे दगडसुद्धा लालबुंद असतो."

आता बोला! खाणीतल्या माणसांना एक खोड असते. ती खोली सांगतात, पण कशात मोजली ते कधी सांगत नाहीत. एकशे चाळीसला पाणी लागलं. दोनशे दहाला काळा दगड. तीनशे बाराची गॅलरी. शेजारी उभा असलेला माणूसही खाणीतलाच, त्याला मीटर वेगळं कशाला सांगायचं? आत्या चौदा वर्षं असंच बोलत आली होती. शोध थांबला त्या रात्री भिंगरीनं अंथरुणातून विचारलं होतं, "आत्या, बाबा किती खोल आहेत?" आणि नऊ दिवसांची जागलेली आत्या, डोळे मिटलेलेच, म्हणाली होती, "तीनशे बारा." एवढंच. कूस बदलली आणि झोपली. पोरीनं तो आकडा पुस्तकाशी ताडून पाहिला. पुस्तकात किलोमीटर लिहिले होते. तिचं काय चुकलं सांगा? काहीसुद्धा चुकलं नाही. चुकलं ते आत्याचं, आणि तेही तिच्या हातखंडा विषयात. सात महिने पोरगी बापाला आगीत बघत होती, आणि घरातल्या मोठ्यांना फक्त बादली दिसत होती.

"अगं मीटर!" आत्या जवळजवळ ओरडलीच. "तीनशे बारा मीटर! किलोमीटर नाही काही. मीटर गं सोन्या! तिथे आग नाही, काही नाही."

भिंगरीनं पुस्तक मिटलं. "आता म्हणतेस. मला वाईट वाटू नये म्हणून."

"शप्पथ."

"आई पण शपथ घेऊन म्हणाली होती, बाबा येतील."

आत्या पायरीवरून उठली. एक गोष्ट तिनं तिथल्या तिथे ठरवली. तोंडानं सांगून ही पोर ऐकायची नाही. हिला दाखवायला हवं.

शनिवारी दुपारी काम संपल्यावर आत्या शेडमध्ये थांबली. गॅलरीच्या शेजारून गेलेल्या भोकाचा कोअर मागच्या फळ्यांवर होता. खाण तिथवर पोचायच्या कितीतरी आधीचा, आत्यानंच नोकरीच्या पहिल्या वर्षी रचलेला. त्रेसष्ट पेट्या, एकेक पंचवीस किलोची. सात महिन्यांत ती त्या फळ्यांकडे फिरकली नव्हती. काही काम निघालंच तर दुसऱ्या कुणाला पाठवायची आणि आपण पाणी प्यायला जायची. शेडचा रखवालदार तिची खटपट बघत होता. तिसऱ्या पेटीला त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि दुसरी बाजू धरली. "ताई, कंबर मोडून घ्यायची असेल तर सरकारी दवाखान्यात सांगून ठेवा," तो म्हणाला. कशासाठी हे मात्र त्यानं विचारलं नाही. शनिवारी निम्म्या पेट्या झाल्या, रविवारी सकाळी उरलेल्या. शेडच्या जमिनीवर तीन रांगा लागल्या, एकवीस-एकवीसच्या.

रविवारी अकराला आत्यानं भिंगरीला आणलं.

"ही पहिली पेटी," आत्या म्हणाली. "एका ओळीत एक मीटर. पेटीत ओळी पाच. म्हणजे एका पेटीत किती?"

"पाच मीटर. कळतं मला."

"कळतं तर चल."

दोघी चालू लागल्या. पहिल्या पेटीत माती, तिच्यात एका झाडाचं वाळलेलं मूळसुद्धा. मग पिवळी चिकणमाती, वाळून भेगाळलेली. मग हातानं चुरेल असा कुजका दगड, मग राखाडी वाळूचा दगड, पेट्याच पेट्या, संपता संपेना. "हा वाळूचा दगड म्हणजे कुठल्या तरी जुन्या नदीचा तळ," आत्या सांगत होती. "नदी गेली, वाळू राहिली, वरून ओझं आलं, दाबून दाबून दगड झाला." भिंगरी प्रत्येक पेटीवर लिहिलेला आकडा वाचायची आणि मगच पुढची पेटी. एकदा तिनं आत्याला अडवलं, कारण आत्या बोलता बोलता दोन पेट्या पुढे गेली होती. "वगळू नकोस," ती म्हणाली. आत्या मागे आली.

शेवटच्या पेटीपाशी आत्या थांबली. ती म्हणाली, "दुसरी ओळ संपते तिथला तुकडा. तीनशे बारा. उचल."

भिंगरीनं हात पुढे केला आणि मागे घेतला. मग एक बोट लावलं. मग सगळा हात. मग तो काळपट तुकडा उचलून गालाला लावला.

"गार आहे."

"आता शेडमध्ये आहे म्हणून जास्त गार. खोटं नाही सांगत, खाली इतका गार नसतो. जितकं खाली जावं तितकं तापत जातं, पण हळूहळू. शंभर मीटर गेलं तर जेमतेम अडीच-तीन अंश. तीनशे बाराला दुपारच्या बंद खोलीइतकं. उकडतं, भाजत नाही. मी स्वतः उतरले आहे तिथं. तुझे बाबा तिथं उभे राहून डबा खायचे."

"मग लाल दगड कुठे असतो?"

आत्यानं एक रिकामी पेटी ओढली आणि खिशातून खडू काढला. एका ओळीच्या डाव्या टोकाला बोट ठेवलं. "समज, हे आपलं अंगण. आणि ते उजवं टोक म्हणजे पृथ्वीचा मधोमध. पुस्तकातले सहा हजार तीनशे एकाहत्तर किलोमीटर या एका मीटरमध्ये बसवायचे. कळलं?"

"हं."

"आता भूकवच." आत्यानं टोकापासून पाच मिलिमीटरवर रेघ मारली. तिच्या करंगळीचं नखही त्यात मावलं नसतं. "झालं. डोंगर, समुद्राचा तळ, जगातल्या सगळ्या खाणी, सगळं एवढ्यात. दुधावर साय असते ना, तशी ही साय."

भिंगरीनं नाक जवळ नेऊन बघितलं.

"मग इथपर्यंत प्रावरण." खडू पंचेचाळीस सेंटीमीटरपर्यंत सरकला. "दगडच, पण भयंकर तापलेला. तरी पाण्यासारखा पातळ नाही हं. घट्टच. आणि तरीही सरकतो, आपली नखं वाढतात तितक्या सावकाश. मग ऐंशी सेंटीमीटरपर्यंत बाहेरचा गाभा. ते मात्र वितळलेलं लोखंड, खरोखरच पातळ. आणि शेवटी आतला गाभा. सगळ्यात गरम तोच, पण वरून एवढा दाब, की तिथलं लोखंड वितळायलाच धजत नाही. घट्टच्या घट्ट."

"कोणी बघितलंय?"

"कोणी नाही. माणसानं पाडलेलं सगळ्यात खोल भोक बारा किलोमीटरचं. इथे दोन मिलिमीटर. सायसुद्धा ओलांडली नाही आपण. भूकंप झाला की त्याचे धक्के पृथ्वीच्या आतून जातात, कुठे वळतात, कुठे अडतात, त्यावरून शहाण्या माणसांनी हे ताडलं."

भिंगरीनं त्या ओळीवरून नजर फिरवली. तिनं केशरी रंगाची जागा शोधली असावी. "मी बाबांना इथे धरलं होतं," तिनं साधारण पाच सेंटीमीटरवर बोट टेकलं. "खरं कुठे?"

"तीनशे बारा मीटर म्हणजे..." आत्यानं मनातल्या मनात हिशेब केला. खडूची रेघ कामाची नव्हती. खडूची रेघ फार जाड. "एक केस आण."

भिंगरीनं आपलाच एक केस ओढून उपटला, डोळ्यांत पाणी आलं तरी हूं की चूं केलं नाही. आत्यानं तो अगदी टोकाला, पेटीच्या कडेशी आडवा ठेवला. "एवढे. एका केसाच्या जाडीइतके. आग कुठे आणि तुझे बाबा कुठे!"

भिंगरीनं सुस्कारा सोडला. नऊ वर्षांच्या पोरीनं सोडावा असा तो सुस्कारा नव्हता. आत्याला वाटलं, जिंकले. तिनं पदरानं कपाळ पुसलं. दोन दिवसांच्या पेट्यांनी हात भरून आले होते, त्यांचंही आता काही वाटेना.

"पण पेट्यांत ते घडी घातल्यासारखं आहे," भिंगरी म्हणाली. "सरळ केलं तर कुठपर्यंत जाईल?"

हौस बघा पोरीची! आत्याला तर आता उत्साहच चढला होता. तिनं तीस मीटरचा टेप घेतला. शेडच्या दारापासून रस्त्याच्या कडेनं मोजत निघायचं ठरलं. रखवालदार दारात स्टूल टाकून बसला. टेप ताणायचा, भिंगरीनं खडूनं खूण करायची, पुन्हा ताणायचा. दहा वेळा तीस आणि वर बारा. रविवार असल्यानं रस्ता रिकामा होता. कार्यालयाची भिंत गेली, पाण्याची टाकी गेली, सायकलवाल्याचं बंद दुकान गेलं, आणि बस थांब्याच्या अलीकडे, एका विजेच्या खांबापाशी, माप पुरं झालं.

भिंगरीनं शेवटची खूण केली आणि मागे वळून पाहिलं.

"रखवालदार काका दिसतात."

"दिसणारच की."

"टोपी काढून वारा घेतायत." आणि एकदम दोन्ही हात तोंडाशी नेऊन तिनं हाक मारली, "काकाऽऽऽ!"

लांबवर स्टुलावरच्या माणसानं मान वळवली आणि हात वर केला.

भिंगरीचा हात मात्र खाली आला. तिनं खुणेकडे बघितलं, मग शेडकडे, मग आत्याकडे.

"इथून हाक ऐकू जाते," ती म्हणाली. "मग बाबांना वर का नाही आणलं?"

आत्याच्या हातातला टेप सुटला आणि खर्रकन आपल्या पेटीत गेला. हा प्रश्न येईल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आगीचा प्रश्न सोडवायला ती निघाली होती, आणि आग विझवता विझवता तिनं भावाला इतकं जवळ आणून ठेवलं होतं, की आता कुठलीच सबब चालणार नव्हती. क्षणभर तिला वाटलं, काहीतरी सांगावं. मशीन नव्हतं, दोर नव्हता, काहीही. मग पायरीवरची ती शपथ आठवली.

ती खांबाला टेकून खाली बसली, म्हणजे दोघींचे डोळे समोरासमोर आले.

"छत पडायचं थांबत नव्हतं," ती म्हणाली. "शोधायला गेलेल्या दोघांचे पाय गेले. एकाचा तर मांडीपासून. नवव्या दिवशी साहेब घरी आले. म्हणाले, आत कोणी जिवंत असणं शक्य नाही. आणखी माणसं घालवायची की थांबायचं, ते घरच्यांनी लिहून द्या. तुझ्या आईच्या हातात पेन राहीना. सही मी केली."

"थांबवायची?"

"हो. थांबवायची."

"बाबांना विचारलंस?"

"कसं विचारणार गं? तुझे बाबा पहिल्याच दिवशी गेले होते. छत पडलं तेव्हाच. मेले होते, भिंगरी."

हा शब्द सात महिन्यांत त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. खोल गेलेत म्हणायचे, तिथंच राहिलेत म्हणायचे, आवाज खाली आणून विषय बदलायचे. आणि तो शब्द तोंडातून गेला तेव्हा कुठे आत्याच्या डोक्यात उजेड पडला. ज्याला भाजतं, तो जिवंत असतो. या पोरीनं सात महिने एका जिवंत माणसाला गार केलं होतं. तिच्या दृष्टीनं बापाला वाचवायचं काम चालू होतं आणि ते तिला एकटीला करता येत होतं. आज आत्यानं त्रेसष्ट पेट्या मांडून, केस ठेवून, टेप ताणून, ते काम तिच्या हातातून काढून घेतलं.

"मग ते येणारच नाहीत," भिंगरी म्हणाली.

"नाही येणार."

"कधीच?"

"कधीच नाही."

पोरीनं आत्याच्या खांद्यावर मूठ मारली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी, जीव खाऊन, छातीवर, दंडावर, जिथे लागेल तिथे. आत्यानं हात वर केले नाहीत. तोंडानं उगी उगीही म्हटलं नाही. मारता मारता भिंगरीच्या तोंडून असा काही आवाज निघाला की टाकीवरची कबुतरं उडाली, आणि मग ती आत्याच्या मांडीत कोसळून हमसाहमशी रडू लागली. "दादा रे," आत्या म्हणाली, आणि तिचाही बांध फुटला.

शेडच्या दारातून रखवालदारानं हे पाहिलं. कुणाला लागलं की काय असं वाटून तो स्टूल तसंच टाकून निघाला. चालत त्यांच्यापर्यंत पोचायला त्याला चार मिनिटं लागली.